तिरक्या ट्रेचे कोपरे

मागच्या वेळी आम्ही लाकडी ट्रेचं नाव काढलं, तर बऱ्याच गटांनी विचारलं, कडा तिरक्या ठेवून कोपरे जोडता कसे? आज तेच सांगतो.

तुळजापूरला नवरात्रात हळद-कुंकू, ओटीचं सामान मांडायला पसरट ट्रे लागतात. आम्ही गटातून कर्ज उचलून लाकूड आणलं आणि पहिल्या चार ट्रेंचं वाटोळं केलं. बैठकीत ऐकावं लागलं, "बायांनी शेवया-पापडच करावेत!" म्हणणाऱ्याही बायाच.

उभ्या कडेचा डबा सोपा. दोन्ही हातांची बोटं गुंतवतो तसे फळ्यांच्या टोकांना दात पाडायचे, एकीचा दात दुसरीच्या खाचेत. पण कड बाहेर झुकली की फळीचं टोकही तिरकं कापावं लागतं. आम्ही त्या तिरक्या टोकाला गुण्या लावून दात आखले. लाकडाच्या रेषा एकीकडं, दात दुसरीकडं. ठोकताना कटाकटा मोडले.

गावातल्या सुतारआबांनी तुकडे पाहिले. जन्मभर तिफणी केलेला माणूस. दिंडात फण तिरके बसवायचे, म्हणजे कोनाशीच गाठ. म्हणाले, "पोरींनो, टोकाकडं बघू नका. ट्रे ठेवल्यावर जमीन कुठं येते ते बघा."

आम्ही 15 अंश झुकाव ठेवतो. कोनमापक नसलं तर 15 सेंटीमीटर उभी रेघ ओढा, तिच्या टोकाला काटकोनात 4 सेंटीमीटर आडवी, आणि मोकळी टोकं जोडा. झाला कोन. त्या कोनात फळीची खालची कड आधी रंधून घ्या, म्हणजे झुकलेली फळी जमिनीला सपाट टेकते. आता दातांच्या सगळ्या रेघा, फळीच्या तोंडावर आणि टोकाच्या जाडीवरही, या रंधलेल्या कडेला समांतर. म्हणजे करवतही तेवढीच कलती धरायची. रेघ राखून कापा, खाच पटाशीनं दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी काढा. दुसरी फळी मोजून आखू नका, पहिलीचे दात तिच्यावर ठेवून पेन्सिल फिरवा.

आणि बाहेरच्या बाजूला खडूनं खूण करा हो! आमच्या एका मावशींनी दोन्ही टोकं एकाच हाताची कापली, एक कोपरा आत झुकला.

कोपरा काटकोनापेक्षा सुमारे 4 अंश जास्त उघडतो. म्हणून खाचेचं बूड तेवढं कलतं करावं, नाहीतर फट राहते. दात किंचित लांब ठेवा, फेव्हिकॉल वाळल्यावर रंध्यानं सारखे करा. चिकटवताना सुतळीनं आवळून दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले पाहिजेत.

पाचवा ट्रे बसला. लाकडाचं कर्ज अजून फिटायचंय, दोन हप्ते राहिलेत. सोमवारच्या बैठकीला टाकाऊ फळीचे दोन तुकडे घेऊन या, आधी त्याच्यावरच हात बसवू.