सार्वजनिक हित कोणाचे?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



व्यक्तीचे हक्क आणि समाजाची गरज यांचा तोल साधावा, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु तराजू कोणाच्या हाती आहे, हे आपण क्वचितच विचारतो.

1921 साली मुळशीच्या खोऱ्यात टाटांचे धरण होऊ घातले होते. मुंबईला वीज हवी होती आणि ती गरज खोटी नव्हती. सरकारच्या हाती 1894 चा भूसंपादन कायदा होता. कंपनीसाठी जमीन घेण्याची सोयही त्यातच होती. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, पण धरण अखेर झालेच. आपली भातखाचरे राखू पाहणारा तो मावळा समाजद्रोही होता काय? त्याचा हक्क म्हणजेच त्याची भाकरी होती. जमीनदाराची हजार एकर आणि मावळ्याचे खाचर ‘मालमत्ता’ या एकाच शब्दात बसवणे कायद्याला जमते. समाजवाद्याला जमू नये.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. जमीन सुधारणांचे कायदे न्यायालयांत अडकत होते, म्हणून ते योग्यच झाले. तथापि मूलभूत हक्काचे कवच जमीनदाराबरोबर अल्पभूधारकाचेही गेले. त्याच्यापाशी उरले ते 300 अ हे कलम, म्हणजे कायद्याने काढून घेता येईल एवढाच हक्क.

या बाबतीत महाराष्ट्राच्या 1976 च्या पुनर्वसन कायद्यातील विचार मला अधिक मोलाचा वाटतो. ज्याच्या शेताला धरणाचे पाणी मिळणार, त्या मोठ्या खातेदाराने जमिनीचा काही वाटा विस्थापितासाठी सोडावा, असे तत्त्व त्यात होते. (कोयनेचे पाणी साठले तेव्हा हा कायदा नव्हता, हेही ध्यानात असू द्यावे.) अंमलबजावणीत बागायतदारांनी काय केले, ते आपण जाणताच!

2013 च्या केंद्रीय कायद्याने खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची, तर भागीदारीच्या प्रकल्पासाठी 70 टक्के कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतमजुराचे कुटुंबही बाधितांत धरले, ही मोठीच गोष्ट होय. मात्र सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमतीची अट नाही. सरकार म्हणजेच समाज, हे गृहीत यामागे आहे आणि मुळशीचा अनुभव नेमका त्याच्या विरुद्ध आहे.

दुपारच्या चर्चेस येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील एका प्रकल्पाची माहिती आणावी: जमीन कोणाची गेली, पाणी वा वीज कोणाला मिळाली, आणि दोन्ही याद्यांत किती नावे समान आहेत.