विद्यार्थ्यांचा वरखर्च



मनोहरभाई पटेल यांनी 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि नागपूरची वाट न धरता आपल्या भागातली मुले कॉलेजची पायरी चढू लागली. आज देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावकडची मुलेमुली गोंदियात खोली घेऊन राहतात. फी किती, पुस्तके किती, याची आपण चौकशी करतो. वरखर्चाचे मात्र कोणी विचारीत नाही.

मी तो हिशेब धानात मांडून पाहिला. सकाळी तर्री-पोहे, दुपारी समोसा, वर चहा. दिवसाचे 50 रुपये कमीच धरले. महिन्याचे 24 दिवस म्हणजे 1200 रुपये. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे महिन्याला अर्धा क्विंटल धान ठेल्यावर गेला, दहा महिन्यांत पाच क्विंटल! त्याच्या रोवणीला चिखलात कोण वाकले होते, हे तुम्हांला सांगायला नको. खर्ऱ्याचा हिशेब तर मी यात धरलाच नाही.

तरी मुले उधळी आहेत असे मी म्हणणार नाही. पूर्वी नोट मोडताना मन कचरत असे. आता मोबाईलवरून पैसे जातात, ते हाताला जाणवत नाहीत. शिवाय पहाटेची गाडी धरून येणाऱ्या मुलाला पोट आहेच की.

मला अधिक काळजी मुलींची वाटते. मुलगी पैसे वाचवते आणि दुपार चहा-बिस्किटावर काढते. आपण तिला गुणाची म्हणतो! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. मग ही बचत कसली?

तेव्हा मेसचे पैसे महिन्याच्या आरंभीच भरून टाका. गावाहून कोणी येत असेल तर त्याच्याबरोबर मुरमुऱ्याचा चिवडा, गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवा. मुलाला आणि मुलीला हातखर्च सारखा द्या. हिशेब जरूर मागा, पण त्याआधी दुपारी काय जेवलीस ते विचारा.

आणखी एक सूचना. पूर्वी पुण्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यात जात पाहिली जाई. आपण ती पाहू नये. आपल्या शेजारी खोली घेऊन राहणाऱ्या मुलींना आठवड्यातून एकदा घरी जेवायला बोलवावे. मंगळवार मी घेते. बाकीचे वार कोण घेणार, त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.