खाडीकाठचे एक सामायिक दप्तर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)
सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



पर्यावरणावर बोलावयास शिक्षक उभा राहिला की तो झाडे लावा, प्लॅस्टिक टाळा असे सांगून खाली बसणार, हे आता श्रोत्यांना पाठ झाले आहे. ते सर्व खरेच आहे, आणि आपण ते दरवर्षी ऐकताही. मी मात्र आज आपल्याकडे काही मागावयास आलो आहे. तेव्हा ते कशासाठी, हे आधी सांगतो.

२७ जानेवारी २०२५ रोजी आपल्या शेजारच्या गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी कासव अंडी घालावयास आले. ऑलिव्ह रिडले जातीचे. आपल्या किनाऱ्यावर या जातीची कासवे थंडीच्या दिवसांत येतात, त्यात नवल नाही. पण या कासवाच्या पुढच्या पायावर धातूचा एक बिल्ला होता आणि त्यावर क्रमांक होता : ०३२३३. क्रमांकाचा तपास केला तेव्हा कळले की हा बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला आहे. म्हणजे बंगालच्या उपसागरातील कासव हिंदुस्थानच्या टोकाला वळसा घालून, अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर पोहून गुहागरला आले होते. त्याने १२० अंडी घातली व त्यांतून १०७ पिल्ले बाहेर पडली. पूर्वेकडची कासवे वेगळी व पश्चिमेकडची वेगळी, असे जे मानले जात होते, त्याचा फेरविचार या एका बिल्ल्याने करावयास लावला.

आता आपण असे समजा की ओडिशात बिल्ला लावणाऱ्यांची वही त्यांच्याच कपाटात राहिली असती आणि गुहागरच्या लोकांना तिचा पत्ता नसता. मग आपल्या हाती काय राहिले असते? पत्र्याचा एक तुकडा. नोंद दोन्हीकडे होती आणि दोन्ही नोंदी एकमेकींना भेटू शकल्या, म्हणून ज्ञान झाले. माझे आजचे सारे बोलणे या ‘भेटण्या’विषयी आहे.

आपल्या वाशिष्ठीच्या आणि दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवर निसर्गाचे काम करणारे लोक कमी नाहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखण्याचे काम उभे केले आणि पुढे ते गावकऱ्यांनी आपलेसे केले, हे सर्वांना माहीत आहे. पण मोठ्या नावाची संस्था नसलेलेही पुष्कळ आहेत. मच्छीमार सोसायटीतील माणसाला विचारा, कोणत्या भरतीला पाण्याचा रंग बदलला आणि मासळी वर तरंगली, ते तो तोंडपाठ सांगेल. बचत गटातल्या बायांना कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते ते ठाऊक असते. देवराईचे मानकरी आहेत. आपल्या कबरस्तानात जुनी झाडे आहेत, ज्यांना कोणी कुऱ्हाड लावत नाही, त्यांवर कोणते पक्षी राहतात हे तेथे रोज फातेहा पढावयास जाणारे चाचा जाणतात. आपल्या शाळेचे हरित पथक आहे, शेजारच्या हायस्कुलाचे आहे. यांतला कोणीही दुसऱ्याजवळ काय आहे ते जाणत नाही. देवराई आणि कबरस्तान यांच्यामध्ये एक ओढा आहे. पक्षी तो रोज ओलांडतात, आपल्या वह्या ओलांडत नाहीत.

याची किंमत आपण २२ जुलै २०२१ रोजी मोजली. त्या दिवशीचा पूर मी येथे वर्णन करीत नाही. या मांडवात असे घर क्वचितच असेल की ज्याला तो सांगावा लागेल. त्याआधी २६ जुलै २००५ चा पूर होता. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे पाणी आपल्याच नदीत येते, त्यावर गाळाचा प्रश्न आहे, भरतीचा प्रश्न आहे. पुरानंतर या सर्वांवर वाद झाले, होत राहतील. परंतु पाणी किती वाजता कोणत्या पायरीवर होते, असे विचारले तर आपल्या मोहल्ल्यांतून दहा उत्तरे येत. कोणी म्हणे फजरच्या आधी, कोणी म्हणे नंतर. त्या रात्रीचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर होते खरे. पण कोणाचा फोन पाण्यात गेला, कोणी नवा घेतला, कोणाचा ग्रुप बंद पडला. व्हॉट्सअ‍ॅप हे निरोपाचे साधन आहे. निरोप पोचला की त्याचे काम संपते.

भिंतींवर पाण्याच्या खुणा होत्या. त्या तर सर्वांत खऱ्या. पण पुढच्या ईदेला घरांना रंग दिले आणि त्या गेल्या. यात कोणाचा दोष नाही, घर पुन्हा घरासारखे दिसावे असे कोणाला वाटणार नाही? तथापि नदीची मोजपट्टीच आपण पुसून टाकली, एवढे लक्षात घ्यावे. अजून काही घरांच्या मागच्या भिंतींवर, मशिदीच्या हौदाजवळ, गोदामांत ती रेघ आहे.

म्हणून आम्ही काही शिक्षकांनी असे योजिले आहे की खाडीकाठच्या सर्व मंडळांचे, गटांचे, शाळांचे मिळून एक सामायिक संकेतस्थळ असावे. ‘सामायिक’ हा शब्द सातबाऱ्यावरचा आहे आणि मी तो मुद्दाम घेतला. सामायिक विहिरीवर सर्वांचा हक्क असतो आणि गाळ काढावयाची पाळीही सर्वांवर येते.

हे काही नवीन नाही. केनिया देशात २००७ च्या अखेरीस निवडणूक झाली, तिच्यापाठोपाठ दंगली उसळल्या. कोठे काय घडत आहे हे कळेनासे झाले तेव्हा तेथील काही तरुणांनी २००८ च्या आरंभी एक संकेतस्थळ तयार केले. लोकांनी फोनवरून कळवावे आणि ते नकाशावर दिसावे, इतकी साधी रचना. त्याला नाव दिले ‘उशाहिदी’. स्वाहिली भाषेत याचा अर्थ साक्ष. हा शब्द अरबीतून तेथे गेला; आपण शाहिद, शहादत म्हणतो त्याच घराण्यातला. पुढे १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा हेच साधन तेथे कामास आले. आपल्या देशात २०१५ साली चेन्नईला पूर आला, तेव्हा ओपन स्ट्रीट मॅप या सर्वांना खुल्या असलेल्या नकाशावर लोकांनी बुडालेले रस्ते दाखविले. अडीच हजारांवर रस्त्यांची नोंद लोकांनीच केली. पक्ष्यांचे उदाहरण तर याहून शांत आणि माझ्या मते अधिक मोठे आहे. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांतले पुष्कळसे आपल्यासारखेच नोकरी-धंदा सांभाळून सकाळी अर्धा तास पाहणारे.

आता रचना. नोंदीला चार रकाने : कोठे, केव्हा, काय पाहिले, कोणी पाहिले. जमल्यास एक छायाचित्र. फोनला रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच थांबावी आणि रेंज मिळाल्यावर जावी, ही सोय आवश्यक आहे. आपल्या पाखाड्यांवर रेंज कशी असते ते मी सांगावयास नको. मराठीतून लिहिता यावे, उर्दूतूनही यावे, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने बोलून सांगावे, आमचे विद्यार्थी ते लिहून घेतील.

नावांचा घोटाळा मात्र होणार. ज्या माशाला दक्षिणेकडे मुडदुशी म्हणतात त्यालाच रायगडकडे रेणवी म्हणतात. एकाने मुडदुशी लिहिली, दुसऱ्याने रेणवी, आणि पुढे कोणी शोधावयास गेला तर त्याला वाटणार हे दोन मासे. शास्त्रज्ञ त्याला सिलागो म्हणतात. आपण आपलेच नाव लिहावे, ते शास्त्रीय नावाशी जोडण्याचे काम जाणकाराने पाठीमागे करावे. मासळीबाजारातील नावे बदलावयास लावणारे संकेतस्थळ फार दिवस चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

साक्षीविषयी एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. ‘अमुक दिवशी अमुक ठिकाणी कांदळवन तोडलेले दिसले’ ही नोंद झाली. ‘अमक्याने तोडले’ हा आरोप झाला, आणि त्याला जागा वेगळी आहे. तो मोठ्या माणसांनी, कागदावर, सही करून, संबंधित कार्यालयात करावयाचा असतो. वाळू उपशाच्या जागी मुलांनी फोन घेऊन जाऊ नये. हे मी शिक्षक म्हणून सांगतो आहे आणि यात सवलत नाही.

माता-पालकांपैकी काहींनी विचारले, मुलींची नावे, फोटो तेथे दिसणार काय? दिसणार नाहीत. विद्यार्थ्याची नोंद शाळेच्या नावाने लागेल. नोंद करणाऱ्याचे नाव आत राहील, फक्त तपासणाऱ्यांना दिसेल. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेने केला त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा नसता तरी आम्ही ती घेतली असती. पण मुलींना यातून वगळावे, या सूचनेशी मी सहमत नाही. आमच्या हरित पथकात विहिरींच्या पातळीची वही दोन वर्षे न चुकता कोणी ठेवली असेल तर ती मुलींनीच.

काही गोष्टी जगालाही दिसू नयेत. आय-नॅचरलिस्ट नावाचे मोठे संकेतस्थळ आहे. तेथे दुर्मिळ प्राण्याची नेमकी जागा झाकून ठेवतात आणि वीसेक किलोमीटर बाजूच्या चौकोनात कोठेतरी ठिपका दाखवितात, म्हणजे शिकाऱ्याला पत्ता मिळू नये. घरटी, कासवांची अंडी यांबाबत आपणही तेच करावे. मगरींचे सांगावयास नको. त्या कोठे बसतात ते खाडीकाठच्या पोरासोरांना ठाऊक आहे, आणि तेथे पोहू नये म्हणून ती जागा उघड असलेलीच बरी.

मला खरी काळजी दुसरीच आहे. संकेतस्थळ काढणे सोपे असते, ते जगविणे कठीण. त्याच्या नावाची नोंदणी मुदत संपली की पुन्हा करावी लागते. ज्याच्या फोनवर आठवण येते तो मुलगा नोकरीसाठी कतारला गेला की ती राहून जाते आणि सारे नाहीसे होते. छोट्यांचे कशाला, मोठ्यांचे पाहा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला बंद झाले. त्यावर लोकांनी वर्षानुवर्षे साठविलेले लिखाण त्याच्या आधीच पुसले गेले होते. दुसऱ्याच्या वाड्यात फुकट राहिले की मालक सांगेल त्या दिवशी बिऱ्हाड हलवावे लागते. तेव्हा आपले दप्तर आपल्या नावावर असावे, त्याची प्रत दर महिन्याला दुसरीकडे ठेवावी, आणि वर्षाअखेर सर्व नोंदी कागदावर छापून, बांधून शाळेच्या वाचनालयात ठेवाव्यात. तेथे वाळवी लागू शकते, हे मान्य. पण वाळवी एका रात्रीत सगळे खात नाही.

ग्रामपंचायतीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते, मग हे कशाला, असेही एकांनी विचारले. प्रश्न योग्य आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची समिती असावी व तिने लोकांच्या मदतीने ही वही करावी, अशी अपेक्षा आहे. अनेक ठिकाणी मुदत गाठण्यासाठी ती घाईने पुरी झाली, अशी तक्रार राज्याराज्यांतून ऐकू आली. आपल्या नोंदी त्या वहीला पूरक व्हाव्यात. समितीच्या सदस्यांनाच आपण बोलावू.

आता मागणे. पैसे थोडेच लागतील आणि ते संस्थेने पाहावे. पालकांकडे मी जुने फोटो मागतो. निकाहाच्या अल्बममध्ये नवऱ्यामुलाच्या मागे खाडी दिसत असेल, बंदराच्या पायऱ्या दिसत असतील, जेथे आज गाळ आहे तेथे मचवा उभा असेल. तो फोटो विद्यार्थी आपल्या घरी येऊन फोनवर उतरवून घेतील, अल्बम आपल्याच कपाटात राहील. माणसांचे चेहरे झाकले जातील. परदेशी असलेल्या मंडळींनी आपल्याजवळचे फोटो साल लिहून पाठवावेत; साल आठवत नसेल तर कोणाच्या लग्नाच्या आसपास, एवढे लिहिले तरी आम्ही काढू.

दुसरे, ज्यांच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे त्यांनी यंदा रंग काढण्याआधी शाळेत निरोप द्यावा. दोन मुले टेप घेऊन येतील, जमिनीपासून उंची मोजतील, फोटो घेतील. अर्ध्या तासाचे काम आहे, रंगारी खोळंबणार नाही.

संकेतस्थळाच्या किल्ल्या तिघांकडे राहाव्यात असे आम्ही सुचविले आहे : एक मच्छीमार सोसायटीकडे, एक बचत गटाच्या बाईंकडे, एक शाळेकडे. तिघांपैकी दोघांच्या संमतीशिवाय काही पुसता येऊ नये. नाव मात्र अजून ठरलेले नाही. विद्यार्थ्यांनी सुचविलेली नावे कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहिली आहेत, जाताना पाहून जावे.