चांदण्यातल्या सावल्या
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. "चित्रांवर तू काय बोलणार?" असे घरातच विचारून झाले. पण वाचनालयातल्या एका पुस्तकात दोन चित्रे पाहिली, ती मनातून जाईनात, म्हणून उभी राहिले आहे.

चित्रकार इंग्रज, नाव सॅम्युएल पामर. आपल्याकडे पामर म्हणजे बापडा. पण ह्याचा हात मोठा होता. दोन्ही चित्रे १८७९ सालची, मिल्टन कवीच्या एकाच कवितेवरून काढलेली. एकात तिन्हीसांजेला घंटा घेऊन गावातून फिरणारा माणूस आहे. दुसऱ्यात टेकडीवर एकाकी मनोरा, त्याच्या खिडकीत दिवा, खाली बैलगाडी आणि क्षितिजाशी चंद्रकोर.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली आहेत. ह्या कामाला एचिंग म्हणतात. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आंबट तांब्याला खाते, युक्ती तीच. पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, तो काजळीने काळा करायचा आणि सुईने त्यावर रेघा ओढायच्या. मग पत्रा ॲसिडात ठेवायचा. मेण निघाले असेल तिथेच तांबे खाल्ले जाते. फिकट हव्या त्या रेघा लवकर झाकायच्या, गडद हव्या त्या पुन्हा ॲसिडात सोडायच्या. शेवटी मेण काढून रेघांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागदावर दाबून छाप घ्यायचा. पामरने १८५० पासून १८८१ साली मरेपर्यंत असे तेराच पत्रे पुरे केले. चित्रातले चांदणे म्हणजे बारीक रेघांच्या जाळीत राखून ठेवलेला कोरा कागद!

पण माझे मन अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. पामरला लहानपणी सांभाळायला मेरी वॉर्ड नावाची दाई होती. तो चार वर्षांचाही नव्हता, तेव्हा एका रात्री दोघे भिंतीवरच्या सावल्या बघत उभे होते. झाडामागून चंद्र वर आला होता. त्या वेळी तिने कवितेच्या दोन ओळी म्हटल्या. त्या सावल्या आपण कधी विसरलो नाही आणि अजून त्याच रंगवू पाहतो, असे पामरने पुढे लिहून ठेवले. १८१८ साली त्याची आई वारली. मेरी १८३७ मध्ये गेली, ती आपले मिल्टनचे पुस्तक त्याला देऊन. ते त्याने पुढे वीस वर्षे बंडीच्या खिशात बाळगले.

पामरची तीन वर्षांची मुलगी गेली. मग १८६१ साली थोरला मुलगा एकोणिसाव्या वर्षी गेला. तो फार खचला. अशा माणसाने चौऱ्याहत्तराव्या वर्षी काळोखात दिव्याची खिडकी काढली. ती कविता त्याच्या हाती एका दाईने ठेवली होती!

भगिनींनो, हे वाचून मला माझीच लाज वाटली. माझा थोरला शाळेतली कविता पाठ करून यायचा, "आई, ऐक ना," म्हणायचा. मी पोळ्या लाटता लाटता "नंतर" म्हणायची. मला वाटे, कविता हे मास्तरांचे काम, सातवी झालेल्या बाईला त्यातले काय कळणार? आता तो नोकरीला परगावी असतो. ते "नंतर" राहूनच गेले.

धाकटी अजून घरात आहे. परवा पौर्णिमेला तिला गच्चीवर नेले आणि माझी आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या आठवतील तशा म्हटल्या. ती जांभया देत होती, पण खाली जाऊ या म्हणाली नाही.