हिमालयांत एकट्यानें जातांना

तासगांवच्या गणपतीचें सातमजली गोपुर ज्यानें लहानपणापासून पाहिलें, त्याच्या लेखीं उंची म्हणजे मान वर करून पाहण्याची वस्तु. गांव समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांच्या आसपास. जवळचे डोंगर सागरेश्वराचे आणि दंडोबाचे. आणि साऱ्या महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर जें कळसूबाई, तेंही १,६४६ मीटरांवर संपतें. अशा गांवांतला एखादा गृहस्थ एके दिवशीं घरांत सांगतो, "यंदा गोमुख पाहावयाचें, आणि एकट्यानेंच जावयाचें." घरचीं माणसें प्रथम हंसतात, मग रागावतात, आणि शेवटीं बेदाण्यांची पिशवी बांधावयास घेतात. या गडबडींत बेत आंखावयाचा तेवढा राहून जातो.

पूर्वीचे यात्रेकरू असे एकटे सहसा जात नसत. साताऱ्यास जन्मलेले काका कालेलकर १९१२ सालीं हिमालयांत पायीं हिंडले, तेव्हां स्वामी आनंद त्यांच्या सोबतीस होते. त्या प्रवासावर काकासाहेबांनीं गुजरातींत लिहिलेलें पुस्तक पुढें पुष्कळ वाचलें गेलें. सोबतीचा उपयोग वाटेवर गप्पा मारण्यास होतो, तसाच तो आणखी एका कामीं होतो, आणि तें काम काय हें समजण्यासाठीं उंचीवरच्या हवेचा थोडा विचार करावा लागतो.

हवेंतील प्राणवायूचें प्रमाण तासगांवांत व गोमुखाजवळ एकच, म्हणजे शेंकडा सुमारें २१. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. गोमुखाच्या अलीकडे भोजबासा म्हणून मुक्काम आहे, त्याची उंची सुमारें ३,८०० मीटर. तेथें एका श्वासांत तासगांवच्या मानानें सुमारें दोन-तृतीयांश प्राणवायु मिळतो. ही तूट शरीर भरून काढतें, पण सावकाश. श्वास जलद होतो, पुढें रक्तांतही पालट होतो, आणि त्यास दिवस लागतात. घाई केल्यास डोकें दुखतें, मळमळतें, झोंप लागत नाहीं. अधिक बिघडल्यास फुप्फुसांत पाणी सांचतें किंवा मेंदूस सूज येते, आणि वेळीं खालीं न उतरल्यास माणूस दगावतो. सुमारें २,५०० मीटरांच्या वर हें दुखणें कोणासही गांठूं शकतें. तरुण, धट्टाकट्टा, रोज दंडोबा चढून उतरणारा, यांपैकीं कोणासही त्यांतून सूट नाहीं. सह्याद्रींत पाय तयार होतात. उंचीची संवय मात्र उंचीवरच व्हावी लागते.

मेंदूवर परिणाम झालेल्या माणसास आपण बिघडलों आहोंत हें पुष्कळदां कळतच नाहीं. तो चिडतो, अडखळतो आणि म्हणतो, मला कांहीं झालें नाहीं. सोबती असला म्हणजे तो दंड धरून खालीं नेतो. एकट्यास कोण नेणार?

इंग्लंडांतील मॉरिस विल्सन नांवाच्या गृहस्थाची गोष्ट येथें आठवते. गिर्यारोहणाचें शिक्षण नसतां एकट्यानें एव्हरेस्ट चढावें असें त्याच्या मनानें घेतलें. इंग्लंड-वेल्सकडील टेकड्यांवर चालण्याचा सराव करून १९३३ सालीं तो लहानशा विमानानें हिंदुस्थानांत आला, आणि १९३४ मध्यें वेष पालटून तिबेटांत शिरला. बरोबरच्या शेर्पांनीं परत फिरण्याविषयीं त्याच्या विनवण्या केल्या. तो त्यांस मागें ठेवून एकटाच वर गेला. पुढच्या वर्षीं गेलेल्या मोहिमेस त्याचें प्रेत आणि रोजनिशी सांपडली. धैर्य त्याच्यापाशीं मुबलक होतें. परंतु ज्याचा शब्द ऐकावा असें कोणी त्यानें जवळ ठेवलें नव्हतें.

याच्या उलट राइनहोल्ड मेसनर. १९८० च्या ऑगस्टच्या २० तारखेस तो कृत्रिम प्राणवायूवांचून, एकटा, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचला. पण त्यापूर्वीं १९७८ मध्यें त्यानें पीटर हाबेलर याच्या जोडीनें तेंच शिखर कृत्रिम प्राणवायूवांचून गांठलें होतें, या खेपेसही चढाईपूर्वीं कांहीं आठवडे तिबेटांत राहून शरीर तयार केलें होतें, आणि खालच्या तळावर त्याची वाट पाहणारी सोबतीण होती. जगांतला सर्वांत नांवाजलेला एकटा चढणारा हा असा होता.

आतां तासगांवच्या गृहस्थाकडे वळावें. मिरजेहून दिल्ली, तेथून हरिद्वार, हृषीकेश आणि उत्तरकाशी. उत्तरकाशी १,१५० मीटरांच्या सुमारास आहे, म्हणजे तेथवर चिंता नाहीं. पुढें गंगोत्रीपर्यंत मोटार जाते, आणि सारा घोटाळा त्या मोटारींतच आहे. पुष्कळ यात्रेकरू एका दिवसांत उत्तरकाशीहून गंगोत्री, म्हणजे सुमारें ३,१०० मीटर, आणि दुसऱ्याच दिवशीं १४ किलोमीटर चालून भोजबासा गांठतात. ३,००० मीटरांच्या वर निजण्याची जागा एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक उंच करूं नये, असा वैद्यांचा दंडक आहे. गंगोत्री ते भोजबासा हें अंतर उंचीनें सातशें मीटर भरतें. म्हणून २,६०० मीटरांच्या सुमारास असलेल्या हर्सिलास दोन रात्री काढाव्या, गंगोत्रीस आणखी दोन, आणि दिवसा वाटेनें थोडें वर जाऊन रात्रीं खालीं निजावयास यावें. वाटेंत चीरबासा ३,६०० मीटरांवर आहे. तेथें राहण्याची परवानगी मिळाली तर उत्तम, न मिळाली तर गंगोत्रीस तिसरी रात्र. रजा चार दिवस अधिक काढावी लागेल. ती मिळत नसेल तर हर्सिलाचीं देवदाराचीं वनें पाहून परत यावें, हीही कांहीं कमी यात्रा नव्हे.

गोमुखास जाण्यास वनखात्याचा परवाना लागतो, आणि दररोज ठराविक माणसांसच तो मिळतो. त्याची चौकशी उत्तरकाशीस आधींच करावी. एकट्यानें जाणें म्हणजे ओझेंवालाही नको, असा हट्ट कांहींजण धरतात. तो निव्वळ अभिमान होय. तेथल्या माणसास बरोबर घेतल्यानें ओझें हलकें होतें आणि आपल्याकडे पाहणारे दोन डोळे मिळतात. उपग्रहाच्या साहाय्यानें बोलणारे दूरध्वनि परवान्यावांचून आपल्या देशांत वापरतां येत नाहींत, हेंही ध्यानांत असावें. शिधा बांधतांना तुरीची डाळ घरींच ठेवावी. भोजबाशास पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतें, आणि साध्या भांड्यांत ती शिजतां शिजत नाहीं. बेदाणे मात्र पाहिजेत तितके न्यावे.

पथ्याचे नियम तासगांवांतच, डोकें शांत असतां, वहींत लिहून काढावे. सकाळीं डोकें दुखत असून त्याबरोबर मळमळ, भोंवळ किंवा विलक्षण थकवा असेल तर त्या दिवशीं वर जावयाचें नाहीं. बसल्या जागीं धाप लागली, किंवा टांचेला अंगठा लावून सरळ रेषेंत दहा पावलें टाकतां आलीं नाहींत, तर लागलेंच, रात्र असली तरी कोणास बरोबर घेऊन, खालीं उतरावयाचें. ही दहा पावलांची परीक्षा स्वतःची स्वतः घेऊं नये. मुक्कामावरच्या चहावाल्यासमोर चालून दाखवावें. तो हंसेल, हंसूं द्यावें. डोकेंदुखीवर नुसती गोळी घेऊन पुढें निघणें हा आपल्याच साक्षीदारास गप्प करण्याचा प्रकार आहे. उंचीवरचें दुखणें टाळण्यासाठीं जें औषध देतात, तें निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारूनच घ्यावें.

त्या वहीची एक नक्कल घरीं राहावी. तींत प्रत्येक रात्रीचा मुक्काम, परवान्याचा क्रमांक, ओझेंवाल्याचें नांव आणि गंगोत्रीस परत पोहोंचण्याची तारीख असावी. गंगोत्रीच्या पुढें निरोप पोहोंचण्याचा भरंवसा नाहीं. म्हणून त्या तारखेनंतर किती तास वाट पाहावयाची आणि मग उत्तरकाशीच्या पोलिसांस कळवावयाचें, हें घरच्यांशीं बोलून ठरवावें. पत्नीनें तो कागद देवघराशेजारच्या भिंतीवर दिनदर्शिकेखालीं टांचावा, आणि जाणारानें गाडींत बसण्यापूर्वीं तिच्याकडून तो एकदां मोठ्यानें वाचून घ्यावा.