नाव नसलेला देणगीदार
(गतवर्षीच्या गणेशोत्सवातील भाषण)



मुलाबाळांकडे परदेशी जाऊन आलेल्यांनी विमानतळावरचे ‘ड्युटी फ्री’ दुकान पाहिले असेलच. माल प्रवासी देशाबाहेर नेणार, म्हणून त्यावर स्थानिक कर नाही, असा तो हिशेब. विमानतळावरचे असे पहिले दुकान १९४७ साली आयर्लंडमध्ये शॅननला निघाले. अटलांटिक ओलांडणारी विमाने तेव्हा इंधन भरायला तिथे उतरत.

पण मला सांगायचे आहे ते चक फीनी यांच्याबद्दल. जन्म १९३१ चा, न्यू जर्सीतल्या साध्या कुटुंबातला. कॉलेजात असताना सँडविच विकून त्यांनी खर्च भागवला. १९६० साली रॉबर्ट मिलर यांच्याबरोबर हाँगकाँगला धंदा सुरू केला. तीच ‘डीएफएस’ कंपनी. १९६४ साली जपानने आपल्या लोकांना परदेशी सहलीची मोकळीक दिली. प्रवासाहून घरच्यांना, शेजाऱ्यांना भेटवस्तू आणायची त्यांची रीत! होनोलुलू आणि हाँगकाँगच्या दुकानांत झुंबड उडाली आणि फीनी अब्जाधीश झाले.

१९८४ साली त्यांनी कंपनीतला आपला हिस्सा गुपचूप धर्मादाय संस्थेला देऊन टाकला. विद्यापीठे, इस्पितळे उभी राहिली, पण कुठल्याही इमारतीवर त्यांचे नाव नाही. हिस्सा विकताना गुपित फुटणारच होते, म्हणून १९९७ साली ते त्यांनी स्वतःच सांगितले. आठ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटून २०२० साली संस्था बंद केली. स्वतः राहिले भाड्याच्या घरात, हातात स्वस्तातले घड्याळ. २०२३ साली ते गेले.

आता माझी कबुली. मागच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीतून माझे नाव राहून गेले. रक्कम दोन हजार एक. मी चिटणीसांना फोन करून नको ते बोललो. त्यांनी रात्री जागून प्रुफे तपासली होती, हे मला नंतर कळले. फीनींबद्दल वाचले आणि मनात आले, आपण देणगी दिली होती की जाहिरात विकत घेतली होती?

यादी बंद करा, असे मी म्हणत नाही. वर्गणीचा हिशेब उघडाच हवा. पण यंदा माझ्या नावापुढे फक्त ‘एक हितचिंतक’ छापायला सांगितले आहे. अर्थात, हे तुम्हाला सांगून बसलो, म्हणजे गुप्तदान काही जमले नाही!

चिटणीसांची मात्र सर्वांसमक्ष माफी मागतो.

गणपती बाप्पा मोरया!