अग्निबाणाचा डोळा

दिवाळींतला बाण सर्वांच्या परिचयाचा आहे. बाजारांत मिळणारी दारूची तयार नळी बसवून पुठ्ठ्याचा अग्निबाण घरीं करणें व तो ३०० मीटर उंच उडविणें हेंही हौशी माणसाला साधतें. अवघड आहे तें त्याच्याकडून एक स्पष्ट छायाचित्र मिळविणें.

श्रोत्यांनीं थोडा हिशेब करून पाहावा. बाणाचा वेग सेकंदास ५० मीटर असला आणि कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती उघडली, तर तेवढ्यांत बाण अर्धा मीटर सरकतो. हें सोसतां येतें. पण तोच बाण सेकंदास एक अशा कोलांट्या खाऊं लागला, तर तितक्याच अवधींत भिंगाची दिशा साडेतीन अंशांहून अधिक वळते, आणि ३०० मीटर खालचीं झाडें व छपरें चित्रांत जवळजवळ १९ मीटर फरफटत जातात.

ड्रेस्डेनचा अभियंता आल्फ्रेड माउल यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं याच डोलण्याशीं झुंज घेतली. त्याच्या बाणाला, आपल्या दिवाळींतल्या बाणासारखीच, मागें लांब काठी असे. चित्र उमटल्यावर कॅमेरा हवाई छत्रीनें खालीं येई. १९१२ मध्यें त्यानें भोंवऱ्यासारखें गरगरणारें चक्र बसवून भिंग एका दिशेला रोखून धरलें. कांच २० बाय २५ सेंटिमीटरची, बाणाचें वजन ४१ किलोग्रॅम! हेतु लष्करी टेहळणीचा होता. परंतु तोंवर विमानें उडूं लागलीं होतीं, आणि विमानांतला मनुष्य हवी तेथें झडप उघडूं शकत होता.

पुढें ही कल्पना मुलांच्या हातीं आली. १९६५ मध्यें अमेरिकेंतील एस्टेस कंपनीनें ‘कॅमरॉक’ नांवाचा चिमुकला कॅमेरा काढला. त्यांत फिल्मची एकच वाटोळी चकती; एका उड्डाणास एकच चित्र. कॅमेरा बाणाच्या नाकावर, पुढें तोंड करून. मग चित्र आकाशाचेंच यावयाचें ना? मौज आहे ती येथेंच. दारू जळून संपल्यावरही बाण चढत राहतो, शिखराशीं मंदावतो आणि नाक खालीं करतो. नेमका त्या वेळीं नळींतला शेवटचा लहानसा स्फोट व्हावा, कॅमेरा सुटा होऊन झडप उघडावी, अशी योजना होती. स्फोटापूर्वींचा विलंब नळीगणिक ठरलेला. किती सेकंदांची नळी निवडली यावर सारें अवलंबून. लौकर स्फोट झाला तर क्षितिज किंवा नुसते ढग, उशीर झाला तर बाण पुन्हां वेग घेतलेला. आणि चकती धुऊन होईपर्यंत काय साधलें याचा पत्ता नाहीं!

आजचा अंगठ्याएवढा कॅमेरा उड्डाणभर चित्रें टिपीत राहतो. तथापि बाणाचे पंख किंचित् तिरपे चिकटले असले, कीं बाण स्वतःभोंवतीं फिरूं लागतो आणि तीं सारीं चित्रें गरगरतात. म्हणून जाणता हौशी कॅमेरा बसविण्यापूर्वीं बाण उभा धरून, मागच्या टोंकाकडून एक डोळा मिटून, पंख सरळ आहेत कीं नाहींत तें पाहतो.